शांततेच्या काळातले साडभाऊ

समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कोपराच्या खोबणीकडे बघून बोलणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत एकच झाला, आणि ते म्हणजे आमचे साडभाऊ. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला नुसतंच साडू म्हणतात. आमच्याकडे त्याला भाऊ जोडलेला असतो, त्यामुळे मनासारखं भांडता येत नाही. मूळचे माजरीचे, वडील कोळशाच्या खाणीत, आणि हे स्वतः निमलष्करी दलात वैद्यकीय हवालदार. जवान जखमी झाला की त्याचं रक्त थांबवायचं, शीर शोधून सलाईन लावायची, टाका घालायचा आणि डॉक्टरच्या टेबलापर्यंत त्याला जिवंत पोचवायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं देशभर हे काम करून त्यांची तुकडी आमच्या धानोऱ्याच्या जंगलात आली, आणि नेमकी त्याच सुमाराला इथं शांतता आली.

शांतता आली याचा आनंद सगळ्यांना झाला, त्यांनाही झाला. पण शांततेत वैद्यकीय हवालदाराला काम काय? कॅम्पच्या दवाखान्यात येणारे रुग्ण म्हणजे व्हॉलीबॉलने मुरगळलेली बोटं, गजकर्ण, भेगाळलेल्या टाचा, आणि एकदा आंब्याच्या चिकाने सुजलेला एका साहेबांचा ओठ. साडभाऊ त्या ओठाला मलम लावून आले आणि आमच्या ओसरीवर हताश होऊन बसले. म्हणाले, "भाऊ, हात म्हंजे कुऱ्हाडीसारखा राह्यते. वापरला नाई का गंज चढते. मी देवाले दोन गोष्टी मागतो. एक, माह्या हाताची कोनाले गरज न पडो. दोन, पडली त हात तयार राहो. देव म्हन्ते, अरे बाप्पा, एक काय ते ठरव."

सरावासाठी वरून काहीच सोय नव्हती असं नाही. मुख्यालयाने कॅम्पाला प्लास्टिकचा एक हात पाठवला होता. त्यात नळ्या होत्या, नळ्यांत लाल पाणी भरता येत असे, आणि सुई बरोबर लागली की ते पाणी सुईत चढत असे. पण वस्तू किमती, म्हणून ती पेटीत. पेटीला कुलूप, कुलपाला लाख, आणि किल्ली भांडारप्रमुखाकडे. वर्षातून एकदा तपासणी होई, पेटी उघडली जाई, सगळे त्या हाताकडे आदराने बघत आणि 'हात सुस्थितीत आहे' असा शेरा मारून पेटी पुन्हा बंद होई. साडभाऊंनी तो सरावाला मागितला तेव्हा भांडारप्रमुख घाबरून म्हणाले की टोचल्यावर त्याला भोकं पडतील. साडभाऊ सांगायचे, "आमच्या पुऱ्या फौजेत सगळ्यात तब्येतीचा हात तोच. त्याले आजवर मच्छर बी चावला नाई."

मग त्यांनी स्वतःची सोय स्वतः केली, आणि त्या सोयीत आम्ही सगळे सापडलो. नातेवाईक त्यांच्या लक्षात राहायचे ते शिरांवरून. लग्नात एखादे काका भेटले की यांना नाव आठवत नसे; नमस्काराच्या निमित्ताने हात हातात घ्यायचे, अंगठ्याने कोपराची खोबण दाबायची, मग एकदम चेहरा उजळायचा. "अरे, राजुऱ्याचे मामा. कशी आहे शीर?" माझ्या मुलीला बघायला मंडळी आली होती. मुलाचं शिक्षण, नोकरी, शेती असं बोलणं चाललेलं असताना साडभाऊंनी त्या मुलाची बाही हळूच वर सारली, दोन क्षण बघितलं आणि माझ्या बायकोच्या कानात म्हणाले, "बाई, द्या पोरगी. आंधळ्यालेही सापडन अशी शीर हाये." ऐकू सगळ्यांनाच गेलं. लग्न झालं, आणि जावई आजही आमच्याकडे पूर्ण बाह्यांचाच शर्ट घालून येतात.

टाक्यांचा सराव ते भाजीवर करत. आमच्या घरी भरली वांगी करायची ठरली की साडभाऊंना निरोप जायचा, कारण मसाला भरल्यावर ते प्रत्येक वांगं रेशमी दोऱ्याने असं शिवून द्यायचे की कढईत दाणाभर मसाला बाहेर येत नसे. जेवताना आम्ही आधी टाके काढायचो. ते समोर बसून बघत, आणि कुणी घाईने दोरा ओढला की त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कळ उमटे. एकदा सासूबाईंच्या दातात गाठ अडकली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, जखम भरली आता, जेवू द्या."

पण त्यांचा खरा जीव रक्त थांबवण्याच्या पट्टीत. पँटच्या डाव्या खिशात पट्टी, उजव्या खिशात घड्याळ. चहावाला, बसचा कंडक्टर, आठवडी बाजारातला मिरचीवाला, कुणाच्याही मांडीला ते पट्टी बांधून आवळत आणि किती सेकंद लागले ते बघत. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांनी कॅम्पातल्या जवानांना घेऊन रस्त्याकडेच्या एका गावात दर पंधरा दिवसांनी देखावा सुरू केला. एका जवानाने जखमी व्हायचं, त्याच्या मांडीवर वाळलेल्या पळसफुलांचा लाल रंग ओतायचा, त्याने गडाबडा लोळायचं, आणि दुसऱ्यांनी धावत येऊन कापड काठीने पिळून रक्त थांबवायचं, बांधल्याची वेळ त्याच्या कपाळावर लिहायची. लोळणाऱ्याला साडभाऊंची ताकीद असे: "खरं आहे, खरं आहे, असं वरडाचं. नाईतर बांधणाऱ्याचा हात कापत नाई."

पहिल्या वेळी त्या गावातली एक आजी हा प्रकार बघून कळवळली. घरातून कुठलासा पाला वाटून आणला आणि जवानाच्या मांडीवर थापला. हे खोटं आहे, सराव आहे, असं साडभाऊंनी परोपरीने सांगितलं. आजी म्हणाली, "खोटं हाये त मंग रडते काऊन?" शेवटी साडभाऊंनी हात जोडून एवढंच मागितलं, "आजी, शिटी वाजतवरी मधात याचं नाई. नुसतं पाहाचं." तेव्हापासून पंधरा दिवसांनी अख्खं गाव झाडाखाली बसून शिस्तीने बघायचं आणि शिटी वाजली की घरी जायचं.

आता माझ्याबद्दल लिहायला हवं. ते टाळून साडभाऊंचं चित्र पुरं होणार नाही. मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात वरिष्ठ लिपिक आहे. वरून एक पत्र आलं होतं की शांततेच्या काळात वैद्यकीय जवानांचं कौशल्य कमी होऊ नये म्हणून कॅम्पातल्या तिघांना दर मंगळवारी जवळच्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम द्यावं. तिघांपैकी एक आमचे साडभाऊ. पत्र माझ्या टेबलावर आलं, आणि मी ते दाबलं. मी विचारणा केली की जवळचं म्हणजे रस्त्याने जवळचं की नकाशावर जवळचं. रुग्णाला काही झालं तर जबाबदार कोण, जवानाला काही झालं तर जबाबदार कोण, आणि दोघांनाही काही झालं तर कोण, अशा तीन वेगळ्या शंका तीन वेगळ्या पत्रांनी काढल्या. नात्यातल्या माणसाची फाईल लवकर हलवली असं कुणी म्हणू नये, हे त्यामागचं कारण. याला मी सचोटी समजत होतो.

आणि त्याच काळात बाकीचे दोघे जवान एका मंगळवारी आपापले तक्ते घेऊन आले. तक्त्यात सलाईन, इंजेक्शन, टाके, प्लास्टर, बाळंतपण असे रकाने, प्रत्येकापुढे किती वेळा केलं तो आकडा, आणि खाली रुग्णालयाचा शिक्का. पोरं उत्तरेकडची, नम्र. त्यांनी मला काही दिलं नाही. त्यांनी मला फक्त तीन वेळा 'सर' म्हटलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत मला त्या इमारतीत कुणी सर म्हटलं नव्हतं. मी दहा मिनिटांत सगळे रकाने भरले, उदार हाताने भरले, आणि शिक्के मारले. परवानगी यायच्या आत प्रशिक्षण पूर्ण झालं. महिनाअखेरीला आमच्या मोठ्या सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाबू, या महिन्यात दवाखान्यात बारा बाळंतपणं झाली. त्यातली चौदा फौजेनं केली म्हंता?"

मी साडभाऊंनाही म्हटलं होतं की कशाला बाकावर बसता, तक्ता आणा, शिक्का मारतो. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, "शिक्का कागदाले लागते, भाऊ. मले मानूस पाहिजे. जितं, ज्याले दुखते असं." आणि चार महिने दर मंगळवारी ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसले. नखं कापलेली, हात धुतलेले, पाण्याचे थेंब ओघळून फरशीवर पडताहेत, आणि आत सिस्टर एकट्या पंचवीस रुग्णांमागे धावताहेत. मधल्या भिंतीएवढी जाड माझी फाईल.

एका मंगळवारी तापाची साथ होती. मोठ्या सिस्टर बाहेर आल्या आणि परवानगीबिरवानगी न विचारता म्हणाल्या, "अहो हवालदार, बसून काय राह्यले? इकडं या, सलाईन लावा." आत सिकलसेलची, म्हणजे जन्मजात रक्तविकाराची, सात-आठ वर्षांची मुलगी होती. या पोरांना लहानपणापासून इतक्या वेळा टोचलेलं असतं की शिरा लपून बसतात. साडभाऊ गेले आणि चुकले. पुन्हा टोचलं, पुन्हा चुकले. मुलगी रडली नाही, ओरडली नाही; तिने दुसरा हात पुढे केला आणि म्हणाली, "मामा, हा पाहून पाहा." ते त्यांना सोसलं नाही. सिस्टरांनी सुई घेतली आणि एका फटक्यात लावली. साडभाऊ बाहेर बाकावर येऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत होते. "गेला हात, भाऊ," ते म्हणाले. "उद्या कोनी पोट्टा पडला जंगलात, त मी काय करीन?"

त्या संध्याकाळी मी फाईल सोडली. चार महिने अडलेली फाईल पाऊण तासात निघाली. पुढे वर्षभर साडभाऊ दर मंगळवारी मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली होते. वीस वर्षं नोकरी झालेला हवालदार नर्सिंग शाळेतल्या मुलीसारखा मान खाली घालून बोलणी खायचा, आणि हळूहळू त्यांचा हात असा बसला की सिकलसेलची पोरं मंगळवारचीच वाट बघू लागली. बाकीचे दोघे मात्र कधी फिरकले नाहीत. त्यांचे तक्ते भरलेले होते. त्यावर माझा शिक्का होता, आणि मी तो विसरून गेलो होतो.

तो शिक्का मला मोहफुलांच्या दिवसांत आठवला. सकाळी उपकेंद्रावरची कागदपत्रं घेऊन मी स्कूटरने परत येत होतो. त्याच आजीच्या गावाजवळ रानडुक्कर आडवं गेलं, मी रस्त्याकडेला पडलो आणि तोडलेल्या बांबूचा खुंट मांडीत घुसला. रक्ताची चिळकांडी उडाली. मी ओरडलो. पलीकडे मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. त्या टोपल्या घेऊन लगबगीने आल्या, आणि माझ्याभोवती अर्धगोल करून निवांत बसल्या.

"मागच्या पोट्ट्यापेक्षा हा चांगला लोळते," एक म्हणाली.

"पन शर्ट नवा घालून आला बिचारा. फौजी त जुना घालते."

"बाई, खरं आहे हे," मी म्हणालो. "खरं आहे."

"हो जी, मागचाही असंच म्हने."

मी मांडी दाबून धरली होती, बोटांमधून रक्त वाहत होतं, आणि समोर बारा बायका कौतुकाने बघत होत्या. मी हात जोडले, तर एकीने दुसरीला सांगितलं की हे नवीन घातलं आहे. मग मला कळलं की बायका शिटीची वाट बघताहेत. माझ्याकडे शिटी नव्हती. तोंडाने वाजवायचा प्रयत्न केला, पण तोंड कोरडं पडलं होतं. तेवढ्यात मागे बसलेली आजी उठून जवळ आली. बराच वेळ वाकून माझ्या मांडीकडे बघत राहिली. मग इतरांना गोंडीत काहीतरी म्हणाली आणि मला मराठीत म्हणाली, "माशी बसली. रंगावर माशी नाई बसत."

त्यानंतर ती ज्या चपळाईने हलली ती मी कधी विसरणार नाही. फुलांच्या टोपलीवरचं फडकं ओढलं, जखमेच्या वर बांधलं, त्यात काठी घातली आणि पिळत गेली. मी किंचाळलो तर म्हणाली, "हवालदार असंच पिळते. रडू द्या म्हन्ते." रक्त थांबलं. मग मोहाखालचा पाला जाळून उरलेला कोळसा उचलून तिने माझ्या कपाळावर एक रेघ ओढली. एका मुलीला तिने कॅम्पाकडे पिटाळलं होतंच.

पण साडभाऊ त्या आठवड्यात रजेवर माजरीला गेले होते. कॅम्पातून पिशवी घेऊन आला तो त्या दोघांपैकी एक. सर म्हणणारा. त्याने मला ओळखलं, मी त्याला ओळखलं. आजीने त्याला कपाळावरची रेघ दाखवून सांगितलं, "बांधलं तव्हा सूर्य मोहाच्या शेंड्यावर होता." त्याने गुडघे टेकले, सुई काढली आणि माझ्या हातात खुपसली. चुकली. पुन्हा. पुन्हा. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या दंडावर पडत होता.

"सर," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "असली आदमी पर पहली बार है."

त्याच्या तक्त्यात मी एकशे वीस यशस्वी सलाईन भरल्या होत्या. सात बाळंतपणंही होती. मला त्याच्यावर रागवायला तोंड नव्हतं. पाच वेळा टोचून झाल्यावर मीच म्हणालो, "राहू दे बाळा. मला दवाखान्यात ने." दवाखान्यात मोठ्या सिस्टरांनी एका फटक्यात सलाईन लावली. माझ्या दुसऱ्या हाताकडे बघून त्यांनी फक्त एवढं विचारलं, "हा कोनाचा शिक्का?" आणि मी तोंड भिंतीकडे वळवलं.

साडभाऊ रजा अर्धी टाकून धावत आले. मी खाटेवर होतो. मी त्यांना सगळं सांगितलं: फाईल का दाबली, तक्ते कसे भरले, तीन वेळा 'सर' ऐकून काय झालं. म्हटलं, माझ्याऐवजी जंगलात एखादा जवान असता तर त्याच्या आईला मी काय सांगितलं असतं? ते ऐकत होते की नाही कळेना. त्यांनी माझा काळानिळा हात उजेडाला धरला होता आणि पाचही जागा अंगठ्याने चाचपत होते. शेवटी म्हणाले, "पाचव्या टायमाले पोट्टा जवळ आला होता, भाऊ. अजून एक डाव द्याचा होता." मग आजीने काठी कशी धरली, किती वेढे दिले, ते त्यांनी मला तीनदा विचारलं, आणि तिच्या कोळशाच्या रेघेची गोष्ट ऐकून त्यांचे डोळे भरून आले. माझ्या मांडीवरच्या टाक्यांकडे बघून मात्र नाक मुरडलं. वांगी याहून बरी शिवतो, म्हणाले.

मी बरा झाल्यावर ते दोन्ही तक्ते रद्द करावेत असं स्वतःच्या सहीने वर कळवलं. वरून उत्तर आलं की पूर्ण झालेलं प्रशिक्षण अपूर्ण करण्याची पद्धत नाही. तेव्हा मी दुसरा उपाय केला. पुढच्या मंगळवारी त्या दोघांना बोलावून घेतलं, वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर बसलो आणि बाही वर केली. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या, साडभाऊ घड्याळ घेऊन. प्लास्टिकचा हात पेटीत सुस्थितीत राहिला, आणि त्याच्या जागी मी लागलो. पोरांचा हात बसेपर्यंत तीन महिने गेले. बायको म्हणाली, "नोकरीत पहिल्यांदा कोनाच्या उपयोगी पडले तुम्ही."

मागच्या वर्षी साडभाऊंची तुकडी हलली. आता ते कुठल्याशा बर्फाळ डोंगरावर आहेत. इथं नवे तिघे आले आहेत, आणि दर मंगळवारी मी बाही वर करून बसतो. आजीच्या गावात देखावा अजून होतो. आता जखमी कोण व्हायचं ते आजी ठरवते. मंगळवारी दुपारी साडभाऊंचा फोन येतो. मी कसा आहे हे ते विचारत नाहीत. "शीर कशी आहे?" विचारतात. मी सांगतो, जागेवर आहे. किती टोचण्यांत लागली, ते सांगतो. ते आकडा ऐकून खूश होतात किंवा हळहळतात.

परवाच्या मंगळवारी मात्र त्यांनी शीरसुद्धा विचारली नाही. मी विचारलं, तिकडे कसं काय? म्हणाले, सगळं शांत आहे, देवाची कृपा. फोनमधून वारा ऐकू येत होता.

"इथी थंडीत कोनी बाही वर करत नाई, भाऊ," ते म्हणाले.

फोन तसाच कानाशी होता. उगाचच मी शर्टाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली.